पावसाळ्याआधीची बांधाबांध: डोंबिवलीच्या एका लहान घरातील कपड्यांच्या नोंदी

रविवार, २० एप्रिल २०२५

कारखान्याच्या गुणवत्ता विभागात सत्तावीस वर्षे नोंदवही लिहिल्यामुळे असेल, पण घरातले कोणतेही मोठे काम तारखेवार कागदावर उतरल्याखेरीज ते सुरू झाले असे मला वाटत नाही. म्हणून दोन वर्षे टळत आलेल्या या कामाची पहिली नोंद आज करीत आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर असून कार्पेट ४१२ चौरस फूट आहे. आई, पत्नी आणि मी असे तिघे येथे राहतो, तर लेक शिक्षणासाठी दिल्लीला असते. होळीच्या सुट्टीत येताना तिने दिल्लीच्या थंडीचे सगळे सामान दोन बॅगांत भरून आणले आणि ‘बाबा, दिवाळीत परत नेते’ असे सांगून ते येथेच ठेवले. एक जयपुरी रजई, एक पिसांचे जॅकेट, पाच लोकरी स्वेटर, थर्मलचे तीन जोड, टोप्या आणि मफलर एवढा तो ऐवज आहे. त्याशिवाय आईच्या व पत्नीच्या मिळून सतरा रेशमी साड्या (त्यांत तीन पैठण्या), चार शाली, माझा लग्नातला कोट, एक शेरवानी आणि तीन गोधड्या आहेत. दुसऱ्या बाजूला तीन रेनकोट व दोन विंडचीटर आहेत, ज्यांना वर्षातले आठ महिने काहीच काम नसते.

दिल्लीत कपडे आत जातात ते थंडी सरली म्हणून. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार पहाटा, त्यामुळे येथे कपड्यांचा मोसम थंडी-उन्हाळ्यावर ठरत नाही, तो पावसावर ठरतो. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. त्याआधी सहा दिवस, म्हणजे ५ जूनपर्यंत, सर्व कपडे स्वच्छ व कोरडे होऊन जागेवर पडले पाहिजेत, असे उद्दिष्ट धरले आहे.

रविवार, २७ एप्रिल

आज कपाट, बॉक्स पलंग, न्हाणीघरावरचा माळा आणि आईची लोखंडी ट्रंक अशा चारही जागा रिकाम्या केल्या. बाहेरच्या खोलीत चालायला वाट उरली नाही, त्यामुळे दुपारचे जेवण ओट्याशी उभ्यानेच झाले.

पहिला धक्का आईच्या तपकिरी शालीने दिला. घडी उलगडून खिडकीशी धरली तेव्हा काठापासून वीतभर आत ज्वारीच्या दाण्याएवढी सात भोके दिसली, आणि ती घडीच्या चार थरांतून एकाखाली एक अशी पडलेली होती. शालीच्या पोटात एक चपटी राखाडी पिशवी चिकटलेली सापडली. आकाराने ती काकडीच्या बीएवढी, दोन्ही टोकांना उघडी आणि बाहेरून धूळ व धाग्यांची कणी चिकटवून बनवलेली होती. भिंतीच्या कोपऱ्यात आपण एरवी पाहतो आणि केरसुणीने झाडून टाकतो ती हीच कसर. ही एका बारीक पतंगाची अळी असून ती आपले घर पाठीवर घेऊनच हिंडते. कपडा खाते ती अळीच, उडणारा पतंग नव्हे, त्यामुळे संध्याकाळी दिव्याभोवतीचे पतंग मारून लोकर वाचत नाही.

याच ढिगात एका खळ घातलेल्या सुती साडीच्या काठाला निराळ्या प्रकारची खाल्लेली जागा आढळली. तेथे भोक नव्हते, पृष्ठभाग खरवडल्यासारखा झाला होता. हे रुपेरी, शेपटीला तीन केस असलेल्या झपाझप पळणाऱ्या किड्याचे काम, जो जुन्या पुस्तकांतही सापडतो. आपण या दोघांनाही कसरच म्हणतो, पण पहिलीला लोकर, रेशीम व केस हवेत, आणि दुसऱ्याला खळ, कांजी आणि पुस्तकाच्या बांधणीतला डिंक. म्हणून लोकर मळकी ठेवायची नाही आणि सुती कपडा खळीसकट ठेवायचा नाही, असे दोन निराळे नियम वहीत लिहिले.

शाल हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवण्याचे ठरले. घरगुती फ्रीझरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते आणि त्यात अंडी व अळ्या दोन्ही मरण्यासाठी दोन आठवडे धरावेत. पत्नीने फ्रीझर उघडून आतले आमरसाचे डबे दाखवले आणि काहीच बोलली नाही. वाटाघाटीनंतर खालच्या कप्प्यातला अर्धा भाग मिळाला.

गुरुवार, १ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने मोजमापाचे काम हाती घेतले. बाजारातून तीन लहान आर्द्रतामापक आणले होते. ते एकमेकांशेजारी ठेवले तर तिघांचे आकडे तीन, म्हणून आधी त्यांची परीक्षा घेतली. एका बाटलीच्या झाकणात साधे मीठ थोड्या पाण्याने ओथंबेल एवढे भिजवले आणि ते झाकण तिन्ही मापकांसह झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवले. मिठाच्या अशा ओल्या लगद्याभोवतीची बंदिस्त हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. सकाळी मापकांनी ७२, ७६ व ७५ दाखवले. पहिल्यात तीन मिळवायचे, दुसऱ्यातून एक वजा करायचा, आणि तिसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

त्यानंतर एक माळ्यावर, एक कपाटात मागच्या फळीशी आणि एक बॉक्स पलंगात ठेवला. सकाळी आठचे सुधारित आकडे असे आले: माळा ७१, कपाट ६८, पलंग ६२. हवा बाहेर एकच असताना ४१२ फुटांच्या घरात एवढा फरक पडेल असे वाटले नव्हते, परंतु कारणे शोधायला फार लांब जावे लागले नाही. माळा न्हाणीघरावर आहे आणि गरम पाण्याची वाफ जिथून वाट मिळेल तिथून वरच जाते. कपाटाची पाठ पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेली असून त्या भिंतीवर पावसाळ्यात थेट झड बसते. पलंग मात्र स्वयंपाकघर आणि शयनगृह यांच्यामधल्या आतल्या भिंतीला लागून आहे.

आतापर्यंत आम्ही जागा आकार पाहून वाटत आलो होतो. मोठे ते माळ्यावर, रोजचे ते कपाटात, आणि पलंगाच्या पोटात दिवाळीचे आकाशकंदील, जुना मिक्सर व पितळी भांडी. घरातली सर्वांत कोरडी जागा आम्ही पितळेला दिली होती आणि सर्वांत दमट जागा गोधड्यांना. आता वाटणी ओलीप्रमाणे करायची आहे. भांडी व कंदील माळ्यावर, लोकर व रेशीम पलंगात, रोजचे सुती कपडे कपाटात, आणि कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे.

रविवार, ४ मे

सोसायटीच्या सचिवांकडून गच्चीची किल्ली मिळाली. सकाळी सात ते अकरा या वेळात गोधड्या, रजई, स्वेटर व उरलेल्या तीन शाली दोरीवर टाकल्या. आईने गच्चीच्या सावलीत खुर्ची टाकून देखरेख केली आणि ‘अरे, नुसते ऊन दाखवू नकोस, झटक आणि उलटं कर’ असे दर अर्ध्या तासाने सांगितले. तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. उन्हाने अळ्या अस्वस्थ होतात आणि अंडी लोकरीच्या लवीत सैल बसलेली असतात, त्यामुळे झटकणे व ब्रशने शिवणी, कॉलर आणि खिशांचे कोपरे साफ करणे याला उन्हाइतकेच महत्त्व आहे. रेशमी साड्या मात्र गच्चीवर नेल्या नाहीत. थेट उन्हात रेशमाचा रंग उडतो आणि धागा कमकुवत होतो, म्हणून त्या घरातच पंख्याखाली दांडीवर टाकल्या.

स्वेटर काल सौम्य द्रवसाबणाने थंड पाण्यात धुऊन, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले होते आणि आडवे पसरून वाळवले होते. ते मळके दिसत नसतानाही धुण्याचे कारण असे की, अळीला नुसत्या लोकरीपेक्षा घाम, तेलकटपणा व खाण्याचे डाग लागलेली लोकर अधिक मानवते, आणि वसतिगृहातल्या स्वेटरांवर या तीनही गोष्टींची ददात नसते.

बुधवार, ७ मे

काल संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस झाला. दिल्लीची रजई तेव्हा बाल्कनीत होती. कापूस भिजला नाही, पण गारठला. पुन्हा ऊन दाखवणे आले.

रविवार, ११ मे

शाल फ्रीझरमधून बाहेर काढली. पिशवी न उघडता ती संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली, कारण थंड कापडावर हवेतली वाफ लगेच दवासारखी जमते, आणि पिशवी बंद असली की ते दव पिशवीच्या बाहेर राहते. भोके रफूवाल्याकडे दिली आहेत.

आजचे मुख्य काम मांजरपाटाचे. साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून सुती वेष्टणात ठेवायच्या असल्याने ३६ इंच पन्ह्याचा बारा मीटर मांजरपाट आणला. कोरा मांजरपाट हाताला कडक लागतो, तो त्याच्यातल्या कांजीमुळे. तोच साड्यांभोवती गुंडाळला असता तर रुपेरी किड्याला आम्ही आपण होऊन ताट वाढल्यासारखे झाले असते. म्हणून कापड रात्रभर भिजवून तीनदा धुतले. पहिले पाणी भाताच्या पेजेसारखे पांढरट निघाले, दुसरे थोडे गढूळ आणि तिसरे स्वच्छ. वाळल्यावर ते मीटरमागे जवळजवळ दोन बोटे आटले होते. आधी शिवून मग धुतले असते तर एकही पिशवी साडीला पुरली नसती. कोपऱ्यावरच्या शिंप्याने नाडीच्या पिशव्या शिवून देण्याचे कबूल केले आहे. लग्नसराईचे दिवस असल्याने तो शनिवारपर्यंत देतो म्हणाला, याचा अर्थ मी सोमवार असा घेतला आहे.

रविवार, १८ मे

पिशव्या काल, शनिवारीच मिळाल्या. शिंप्याविषयीचा अंदाज मागे घेतो.

आजचा दिवस साड्यांत गेला. आईची जांभळी पैठणी तिच्या लग्नातली आहे. घडी मोडून पदर जमिनीवर चादरीवर पसरला, तेव्हा पदरावरच्या मोरांच्या मधोमध आडवी काळसर रेघ दिसली. वर्षानुवर्षे घडी त्याच जागी पडल्यामुळे जरीची तार तेथे वाकून वाकून चिरली आहे आणि चिरलेल्या जागी ती अधिक काळवंडली आहे. जुन्या जरीत चांदी असते, आणि हवेतल्या गंधकाच्या अंशाशी चांदीचा संयोग होऊन तिच्यावर काळा थर येतो. दमटपणाने ते लवकर होते, अत्तर किंवा स्प्रे थेट अंगावर मारल्यानेही नुकसान होते. काळी झालेली रेघ घरी घासून उजळण्याच्या फंदात पडायचे नाही, हे आईने आणि मी एकमताने ठरवले. वेगळी घडी घातली. पूर्वी चार पदरी होती ती तीन पदरी केली आणि घडीच्या बाकात मऊ मलमलची वळकटी ठेवली, म्हणजे तार काटकोनात मोडणार नाही. दर तीन महिन्यांनी घडी बदलायची आहे. जरीच्या साड्या हँगरला लावल्या नाहीत, कारण पदराचे वजन खाली ओढते आणि रेशीम ताणले जाते.

यानंतर डांबरगोळ्यांचा विषय निघाला. आईच्या ट्रंकेत त्या वर्षानुवर्षे आहेत आणि ट्रंक उघडली की जो वास येतो, तो माझ्या लहानपणीच्या प्रत्येक मुंजीचा व लग्नाचा वास आहे. त्यांच्या विरोधात बोलणे मला सोपे गेले नाही. परंतु नॅफ्थलीन घनरूपातून थेट वाफ होते, आणि ती वाफ बंदिस्त जागेत दाट साठली तरच कसर मरते. पलंगाच्या फळ्यांना फटी आहेत. म्हणजे कसर मरेल इतकी वाफ आत राहणार नाही आणि वर झोपणाऱ्या दोन माणसांच्या नाकात मात्र रोज रात्री जाईल. शिवाय ऑगस्टमध्ये भाची तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन येणार आहे. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असते, त्यांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदली गेली आहेत. हे ऐकल्यावर आईने स्वतः उठून ट्रंकेतल्या गोळ्या वेचल्या.

त्यांच्याऐवजी तिने कडुलिंबाचा पाला सुचवला. सावलीत कुरकुरीत वाळवून मलमलच्या पुरचुंड्यांत बांधला आहे. ओलसर पाला ठेवला तर तो बुरशीच आणतो, म्हणून हाताने चुरा होईल इतका वाळला की नाही हे पाहून घेतले. माझ्या मते पाल्याने कसर मरत नाही आणि खरे काम धुणे, झटकणे व बंद डबा यांनीच होते, पण पुरचुंड्या ठेवल्याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि या प्रकल्पात आईचेही एक तत्त्व पाळले गेले पाहिजे.

सोमवार, २६ मे

मोसमी पाऊस आजच मुंबईत दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. ११ जूनच्या हिशेबाने सोळा दिवस आधी. मे महिनाभर वळवाच्या सरी पडतच होत्या, तरी आपल्या हाती अजून दहा दिवस आहेत अशी माझी समजूत होती. ५ जूनचे उद्दिष्ट आज रद्द झाले.

शिल्लक राहिलेले: एक गोधडी (काल धुतलेली, आत अजून ओलसर), माझा कोट, शेरवानी आणि शालींपैकी रफूला गेलेली. सकाळपासून बाहेर झड आहे आणि गच्चीच्या पायऱ्यांवर पाणी वाहते आहे. गोधडी दोन खुर्च्यांवर आडवी टाकून पंखा लावला, तासाने मापक तिच्या घडीत सरकवला तर ८८ आले. गोधडीचे दुखणे असे की, वरचा पदर कोरडा लागतो पण आतल्या जुन्या लुगड्यांच्या थरांत पाणी दिवसेंदिवस मुरून राहते. रात्री शयनगृहाचे दार बंद करून एसी ‘ड्राय’वर ठेवला आणि गोधडी व कोट तेथेच पसरले. आम्ही तिघे बाहेरच्या खोलीत झोपलो. विजेचे बिल काय यायचे ते येईल.

रविवार, १ जून

एसीत तीन रात्री काढल्यावर गोधडीतला आकडा ५९ वर आला आणि तिचा कुबट वास गेला. कोट व शेरवानी रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, सुती कव्हरमध्ये, कपाटाच्या आतल्या भिंतीकडील बाजूला लावली. लाँड्रीचे प्लास्टिकचे कव्हर त्याच दिवशी फाडून टाकले, कारण ते कपडा दुकानातून घरी येईपर्यंतचेच असते.

पलंगाचे पोट आतून साडेअकरा इंच खोल आहे. म्हणून झाकणाला रबरी कडा असलेले, दहा इंच उंचीचे चार प्लास्टिकचे डबे घेतले आणि त्यांना क्रमांक दिले. पहिल्यात पैठण्या व रेशमी साड्या मांजरपाटात, दुसऱ्यात शाली व उरलेल्या साड्या, तिसऱ्यात लेकीचे स्वेटर, टोप्या, मफलर व थर्मल, चौथ्यात पिसांचे जॅकेट एकटे आणि मोकळे. गोधड्या पिशवीत, डब्यांच्या शेजारी.

हवा काढून घेण्याच्या पिशव्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लहान घरांत त्यांचा फार बोलबाला आहे. रजई अशा पिशवीत घालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढली तेव्हा ती पाटाएवढी झाली आणि घरात आनंद पसरला. पाचव्या दिवशी पाहिले तर पुरणाच्या पोळीसारखी टम्म फुगली होती. झिपेत स्वेटरचा एक लालसर धागा अडकला होता, आणि तो काढून झिप दोन्ही बोटांनी दोनदा दाबत नेल्यावर पिशवी चपटीच राहिली. हवा गेली म्हणजे ओल गेली असे मात्र नाही. कपड्याच्या धाग्यांत मुरलेले पाणी आतच राहते आणि बंद पिशवीत बुरशीला पोसते. म्हणून एसीत कोरडी करूनच रजई आत घातली. पिसांचे जॅकेट अशा पिशवीत चार महिने दाबले तर पिसांचा फुगीरपणा आणि त्याबरोबर ऊब कमी होते, म्हणून त्याला डबा दिला. जागेच्या मोबदल्यात हा एक डबा महाग पडतो, हे मान्य आहे.

रविवार, २२ जून

ओल शोषण्यासाठी नारिंगी मण्यांचे सिलिका जेल आणले होते. निळ्या मण्यांत कोबाल्टचा घातक क्षार असतो, म्हणून ते टाळले. जुन्या सुती मोज्यांत, मोज्याचे वजन धरून, प्रत्येकी २०० ग्रॅम भरून गाठ मारली. प्रत्येक डब्यात एक आणि प्रयोग म्हणून एक पलंगात उघड्यावर, अशी मांडणी १ जूनला केली होती.

उघड्यावरचा मोजा सहाव्या दिवशीच हिरवा पडला होता आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन २५१ ग्रॅम भरले. म्हणजे त्याने एक्कावन्न ग्रॅम पाणी, साधारण पाव वाटी, पिऊन टाकले आणि पुढे काही घेईना. हवा आत येतच राहणार, तेव्हा त्या मोज्याकडून मी सगळ्या डोंबिवलीची हवा वाळवून घेऊ पाहत होतो. डब्यांतले मोजे आज एकवीस दिवसांनी २०८ ते २१४ ग्रॅमच्या दरम्यान आहेत. सिलिका जेलला बंद डबा लागतो, हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून जाणत होतो. आता काट्यावर पाहिले.

हिरवे झालेले मणी ओटीजीत १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. त्यासाठी एक जुना ट्रे वेगळा काढून त्यावर रंगाने फुली मारली आहे.

रविवार, १३ जुलै

अपघाताची नोंद. कपाटातली ओल कमी करण्यासाठी बाजारात मिळणारी, पाणी जमवणारी डबी पत्नीने वरच्या कप्प्यात ठेवली होती. तिच्यात कॅल्शियम क्लोराईडचे खडे असतात. ते हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळतात आणि खाली खारट द्रव साठतो. काम उत्तम करते. काल रात्री टॉवेल काढताना माझाच हात लागून ती आडवी झाली आणि द्रव खालच्या कप्प्यातल्या माझ्या दोन शर्टांवर व पत्नीच्या चामड्याच्या पर्सवर गेला. शर्ट धुऊन निघाले. पर्स मात्र पुसली तरी वाळत नाही, कारण तो क्षार चामड्यात बसून हवेतले पाणी ओढतच राहतो, आणि चामडे आता आकसून कडक झाले आहे. पर्सबद्दल घरात जे बोलणे झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही. यापुढे ही डबी कपाटाच्या तळाशी, उभ्या कडांच्या ट्रेमध्ये. रेशीम असलेल्या कोणत्याही कप्प्यात ती कधीही ठेवायची नाही.

आजचे आकडे: माळा ८९, कपाट ८१, पलंग ७६, डबा क्रमांक एकच्या आत ५२. सत्तरच्या वर आकडा टिकून राहिला की बुरशीला धरायला वेळ लागत नाही, म्हणून डब्याबाहेरचा एकही आकडा समाधानकारक नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून मुसळधार पाऊस असून लोकल विस्कळीत, कारखान्याला रजा. पश्चिमेच्या भिंतीवर छतापासून दीड हात खाली ओलीचा नकाशा उमटला आहे. कपाट तीन इंच पुढे ओढले नसते तर त्याची मागची फळी आज त्या नकाशाला चिकटलेली असती. फटीत टॉर्च मारून पाहिले. भिंतीवर करड्या बुरशीचे ठिपके आहेत, फळी कोरडी आहे. छोटा टेबलफॅन फटीच्या तोंडाशी लावून ठेवला आहे. माळ्यावरच्या आकाशकंदिलांच्या पुठ्ठ्याला बुरशी लागली, पितळेला अर्थातच नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरीपूजन. सकाळी डबा क्रमांक एक उघडला. आईने पैठणी नाकाशी नेली, पुन्हा नेली आणि ‘वासच येत नाही रे हिला’ असे म्हणाली. तिच्या स्वरात समाधान होते की चुकचुक, ते मला कळले नाही. काळ्या रेघेची लांबी होती तेवढीच आहे. नेसून झाल्यावर साडी लगेच डब्यात न ठेवता रात्रभर पंख्याखाली दांडीवर राहील, घाम पूर्ण उडाल्यावर उद्या नवी घडी. भाचीचे बाळ दिवसभर पलंगावर झोपले होते.

रविवार, १२ ऑक्टोबर

पाऊस संपला आणि उन्हाला ऑक्टोबरची धार आली आहे. गच्चीची किल्ली घेऊन सकाळीच सर्व डबे वर नेले, कारण लेक पुढच्या रविवारी येते आहे.

आधी उलटे काम उरकले. तिन्ही रेनकोट व विंडचीटर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन आतून-बाहेरून सावलीत वाळवले, घड्यांत चिकटू नयेत म्हणून टाल्कम पावडर भुरभुरली आणि सैल गुंडाळी करून माळ्यावर ठेवले. घरातल्या सर्वांत दमट जागेत रेनकोट. याची मांडणी मेमध्येच ठरली होती, आज ती पूर्ण झाली. छत्र्या उघड्या करून काड्यांना खोबरेल तेलाचे बोट लावले आहे.

रजईची पिशवी उघडल्यावर ती फुगून मूळच्या आकारात यायला दुपार लागली. पिसांचे जॅकेट चांगले, शाली चांगल्या, रफू केलेली तर ओळखू येत नाही. साड्यांत दोष नाही.

डबा क्रमांक तीनमध्ये मात्र एक करडा मफलर निघाला, जो धुतलेल्या कपड्यांच्या माझ्या यादीत नाही. लेकीला फोन केला. तिने तो जॅकेटच्या आतल्या खिशात कोंबून ठेवला होता, आणि १ जूनला डबे भरताना तो खिशातून काढून कोणीतरी, बहुधा मीच, न धुता स्वेटरांच्या ढिगात टाकला. त्याला तीन भोके आहेत आणि गाठीच्या सुरकुतीत काकडीच्या बीएवढी ती ओळखीची पिशवी. शेजारचा हिरवा स्वेटर शिवण उलटून, भिंगाने पाहिला, त्याच्या बाहीला अर्धे कुरतडलेले एक टोक आहे. बाकीचे चार स्वस्थ दिसतात, पण दिसण्यावर जायचे नाही असे ठरले.

पाचही स्वेटर, टोप्या आणि मफलर झटकून, ब्रशने साफ करून दोन झिप पिशव्यांत भरले आहेत. दिवाळीनंतर लेक २६ तारखेला निघते, म्हणजे बरोबर चौदा दिवस मिळतात. फ्रीझरमधला आमरसाचा शेवटचा डबा दसऱ्याला संपला असल्यामुळे या वेळी खालचा कप्पा पूर्ण मिळाला.